गाडी रेस केली की स्टिरिओ शिट्टी का मारतो?

प्रश्न: माझी जुनी गाडी आहे, इंजिन ओरिजिनल, पॉइंटवालं इग्निशन (ठिणगीसाठी करंट यांत्रिक स्विचने, म्हणजे पॉइंटने, तोडणारं), फक्त डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवलाय. आता नवा स्टिरिओ लावला आणि डिकीत अँप (अँप्लिफायर). इंजिन बंद असताना आवाज एकदम क्लीन, पण चालू केलं की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते, रेस केली की तीपण चढत जाते. रेडिओवर तर वेगळीच टकटक ऐकू येते. फिटर म्हणतो नॉइज फिल्टर टाका. टाकू का?

उत्तर: फिल्टर आत्ता नको. आधी आवाज कुठून आत शिरतोय ते शोधा, आणि तुमच्याकडे आवाज दोन आहेत, त्यांची मुळंही वेगळी असणार.

शिट्टी अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची. इंजिन चालू ठेवून स्टिरिओचा व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. शिट्टी तेवढीच राहिली तर ती व्हॉल्यूमच्या पुढे शिरतेय, म्हणजे आरसीए वायर (स्टिरिओकडून अँपला आवाजाचा सिग्नल नेणारी), अँप किंवा अर्थिंग (गाडीच्या बॉडीला केलेलं निगेटिव्हचं जोडकाम). मग इंजिन आणि अँप बंद करून अँपच्या आरसीए काढा, परत चालू करून ऐका. शिट्टी गेली तर स्टिरिओचं अर्थिंग आणि आरसीएचा रस्ता बघा, राहिली तर अँपची स्वतःची अर्थ वायर बघा. जुन्या गाड्यांत नव्वद टक्के वेळा घोळ अर्थिंगचाच असतो असं माझं स्पष्ट मत आहे, कारण रंगाचे थर, गंज, खालचं अंडरकोटिंग, आणि त्यावरच स्क्रू मारून वायर लावलेली असते. पत्रा चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाकून बोल्ट आवळा, वरून ग्रीस लावा. इंजिन ते बॉडी जाणारी अर्थ पट्टी पण बघा, ती कुजलेली असली की करंट भलत्याच वाटेने परततो. मग अँप वाजत असताना अँपची अर्थ आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मीटरने डीसी व्होल्टेज बघा, ०.१ व्होल्टच्या वर दिसलं तर अजून काम बाकी आहे. आणि आरसीए नि पॉवरची जाड वायर एकाच बाजूने नेली असेल तर वेगळ्या करा, प्लीज.

एवढं करूनही शिट्टी असेल तर हेडलाइट लावून, इंजिन चालू ठेवून बॅटरीवर एसी व्होल्टेज मोजा. अर्धा व्होल्ट वगैरे आलं तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय, तो काढून दुरुस्तच करावा लागेल.

टकटक इग्निशनची. एरियलची (रेडिओच्या अँटेनाची) वायर स्टिरिओमागून काढा, थांबली तर ती एरियलमधून येतेय. एरियलच्या बुडाला कोरा पत्रा मिळतोय ना बघा, प्लगच्या वायरी तांब्याच्या असतील तर रेझिस्टन्सवाल्या लावा, आणि इग्निशन कॉइलवर सप्रेशन कंडेन्सर (खरखर दाबणारा कपॅसिटर) टाका, पण इग्निशन स्विचकडून येणाऱ्या टर्मिनलवर, पॉइंटच्या बाजूला अजिबात नको, तिथे लावला तर ठिणगीच कमजोर होते.

ज्यांच्या गाडीत अजून डायनॅमो आहे त्यांनी स्टिरिओ लावण्याआधी गाडी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेली) तर नाही ना हे जरूर बघावं, कारण आजच्या स्टिरिओच्या बॉडीला निगेटिव्ह असतो आणि तशीच जोडली तर सरळ शॉर्ट होतं.

हे सगळं झाल्यावरही थोडी शिट्टी उरली तर स्टिरिओच्या पॉवर वायरवर फिल्टर लावा. आरसीएवरचा आयसोलेटर (स्टिरिओ आणि अँपचं अर्थ एकमेकांपासून तोडणारा) सगळ्यात शेवटी, स्वस्तातला घेतला तर तो बेस खातो.