लेकीचं गाणं: क्लास, माइक की ऑडिशन? आधी पट्टी शोधा

लेक साडेपाच वर्षांची. दोनदा ऐकलेलं गाणं चालीसकट म्हणते, ठाण्यात माजिवड्याच्या सोसायटीत गणपतीत गायली, टाळ्या पडल्या. आता क्लास लावू, कराओके माइक घेऊ की टीव्हीवरच्या स्पर्धेच्या ऑडिशनला नेऊ, असं ताईंनी विचारलंय. ताई, कौतुक वाटणारच, वाटू द्या. पण या तिन्हींच्या आधी तिची पट्टी, म्हणजे कोणत्या सुराला सा मानून गायलं की तिला सोपं जातं ते, शोधा. कौतुकाच्या भरात नेमकं तेच राहून जातं.

या वयाचा गळा ढोबळमानाने मध्य सप्तकातल्या, म्हणजे पेटीच्या मधल्या भागातल्या, पांढरी एकपासून (C) त्याच सप्तकातल्या पांढरी सहापर्यंत (A) सहज फिरतो. त्याखाली आवाज पुटपुटल्यासारखा होतो, वर ओरडणं सुरू होतं. घरात पेटी नसेल तर फोनवरचं कीबोर्डचं ॲप चालेल. साथीशिवाय तिला आवडतं गाणं म्हणू द्या, मुलं बहुतेक वेळा सोयीची पट्टी आपणच धरतात. ती पहिला सूर कुठे लावते आणि सर्वांत वरचा सूर कुठे येतो, ते कीबोर्डवर शोधून लिहून ठेवा. वरच्या सुराला हनुवटी वर जात असेल किंवा मानेच्या शिरा दिसत असतील, तर पट्टी एक-दोन स्वर खाली घ्या. बाबा काळी एकमध्ये (C#) गात असतील तर त्यांच्यामागून लेक एक सप्तक वरून गाते, म्हणजे तिचा तार षड्ज (वरचा सा) पांढरी सहाच्या बराच पुढे जातो. लोक त्याला ‘काय खणखणीत आवाज!’ म्हणतात, प्रत्यक्षात पोर ताणत असते. आईची काळी चार (G#) तिला बहुधा जास्त मानवेल.

मग तिच्यात नेमकं काय आहे ते तपासा. ‘गाते छान’ यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: स्मरण, सूर आणि लय. दोनदा ऐकून पाठ होणं हे स्मरण. सुरासाठी गाणं रेकॉर्ड करा आणि पहिल्या व शेवटच्या ओळीची पट्टी ताडून पाहा. अर्धा स्वर (कीबोर्डवर लगतचं एक बटण, काळीही धरून) उतरली तर या वयात चालतं. पुरा स्वर किंवा जास्त उतरत असेल तर तिला आधाराच्या सुराची सवय हवी, एवढंच. दुसरी परीक्षा: एकच ओळ तुम्ही आधी काळी चारमधून, मग पांढरी एकमधून म्हणा. तिने अख्खी चाल उचलून नव्या पट्टीत नेली तर कान उत्तम आहे. ऐकलेल्याच पट्टीला चिकटून राहिली तर स्मरण पक्कं, कान घडायचाय. लयीसाठी टाळी धरा आणि मध्येच थांबवा. बहुतेक मुलं लांब सुरावर आणि मुखडा संपून अंतरा सुरू होण्यापूर्वीच्या मोकळ्या जागेत घाई करतात, तो तुकडा गिळूनच टाकतात. म्हणून केरवा तालाच्या आठ मात्रा बोटांवर मोजायला शिकवा; तीनतालाच्या सोळा पुढे बघता येतील.

रियाज हा शब्द घरात मोठ्याने उच्चारू नका, मुलं पळतात. सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं पुरे. सलग अर्धा तास या वयाला झेपत नाही. तानपुऱ्याचं ॲप तिच्या पट्टीला लावून छोट्या स्पीकरला जोडा, कारण फोनच्या आवाजात खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची, तार ऐकूच येत नाही. तानपुरा तिच्या आवाजाहून हळू हवा. दोन मिनिटं नुसता सा, मग सा रे ग म प वर-खाली, मग सारेग, रेगम, गमप. उरलेल्या वेळात तिच्या आवडीचं गाणं. पुढे भूप राग चांगला, त्यात मध्यम-निषाद नसल्याने अर्ध्या स्वराच्या जवळच्या जागा येत नाहीत. हमखास होणारी चूक म्हणजे ती गात असताना पेटीवर चाल वाजवत राहणं. मूल सुरावर टेकून चालतं आणि कान आळशी होतो. तिचा सूर लागल्यावरच पेटीवर तो सूर दाबून ‘बघ, जुळला का?’ विचारा.

क्लास वर्षभराने लावला तरी बिघडत नाही. लावाल तेव्हा एक तास मागे बसून पाहा. गुरुजी पुरुष असतील तर लहान मुलं त्यांचा खालचा आवाज धरायला जातात आणि घशात गुरगुरतात; चांगला शिक्षक हे ओळखून वरच्या सप्तकात गाऊन किंवा पेटीवर सूर दाखवतो. दहाहून जास्त मुलं एकाच पट्टीत गात असतील तर तिथे अर्धी ओरडणारच. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची (मंडळाची वाशीला वास्तू आहे) घाई नको. ‘प्रारंभिक’ या पहिल्या परीक्षेला लेखी पेपर नसतो, पण पहिल्या वर्षी परीक्षाच लक्ष्य ठेवली तर मूल फक्त अभ्यासक्रमाच्या बंदिशी घोकतं. त्यापेक्षा राम मराठे स्मृती समारोहासारख्या ठाण्यातल्या मैफिलीला कडेची खुर्ची धरा आणि मध्यंतरात निघा, तेवढं भरपूर झालं.

ऑडिशनला साफ विरोध नाही, पण साडेपाचला नको. जाल तेव्हा कायदा माहीत असू द्या. बालकामगार कायद्याच्या 2017 च्या सुधारित नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. सलग 27 दिवसांपेक्षा जास्त गुंतवता येत नाही आणि मिळकतीतला किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत जायला हवा. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. करारात हे दिसत नसेल तर सही करू नका.

घसा मात्र आजपासून सांभाळा. गाण्याने तो क्वचित बिघडतो, ओरडण्याने बिघडतो: घोडबंदर रोडच्या गोंगाटावर शाळेच्या बसमध्ये बोलणं, ढोल-ताशासमोर किंचाळणं. बसलेल्या घशाने कुजबुजूही देऊ नका, त्यानेही ताण पडतो. दोन-तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, स्वरतंतूंवर गाठी आहेत का ते बघतील. सोसायटीच्या कार्यक्रमात सातच्या सुमाराची वेळ मागून घ्या. साडेनऊला मूल पेंगुळलेलं असतं आणि आधीच्या दंग्यात घसा संपवून आलेलं असतं.

पाहुण्यांसमोर ‘गाऊन दाखव’ एकदाच म्हणा. नाही म्हणाली की विषय बदला. शाबासकी ‘कित्ती गोड’पेक्षा ‘अंतऱ्याच्या शेवटी श्वास पुरवलास’ अशी द्या, म्हणजे पुढच्या वेळी काय करायचं ते तिला कळेल. व्हिडिओ टाकायचाच असेल तर शाळेचा गणवेश आणि इमारतीची पाटी चौकटीत येऊ देऊ नका.

कराओके माइक आणलाच असेल तर इको शून्यावर ठेवा. इकोमध्ये बेसूर झाकला जातो आणि तिला तो ऐकू येत नाही. ब्लूटूथ इअरफोनवर ट्रॅक ऐकत फोनवर रेकॉर्ड करू नका. ट्रॅक कानात उशिरा पोचतो, ती बरोबर गाते आणि रेकॉर्डिंगमध्ये मागे पडलेली दिसते. मग घरातले उगाच तिला ‘लय सांभाळ’ म्हणत बसतात.