पुढच्या चाकांची बेअरिंग उघडताना

हे बघ, बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी रस्त्यावर आलं आणि त्यातून तू गाडी काढलीस, तर पुढची टेपर बेअरिंग (निमुळत्या रोलरची बेअरिंग) उघडून बघच. रॉकेलने धू, पण कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नकोस, रोलर उडून लागेल. खड्डे किंवा निळसर डाग दिसले तर कोन (रोलर बसवलेली आतली रिंग) आणि हबमधला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातला, कप (बाहेरची रिंग) दोन्ही बदल. नवा कोन जुन्या कपात मुळीच नको. ग्रीस रुंद बाजूने, तळहातावर दाबत आतपर्यंत भर. सील नवंच लाव. खरं कौशल्य बेअरिंग धरून ठेवणाऱ्या नटात आहे: चाक फिरवत आवळ, मग सैल करून नुसत्या बोटांनी टेकव. किंचित प्ले, म्हणजे ढिलाई, हवीच, नाहीतर बेअरिंग तापून जळतं. नेमकं माप मॅन्युअलमध्ये मिळेल. नट फिरू नये म्हणून लावतात ती कॉटर पिन मात्र जुनी परत घालू नकोस.