हेपॅटायटिस ए ची (दूषित पाण्या-अन्नातून होणाऱ्या काविळीची) लस सरकारी यादीत नाही, मग मुलाला द्यावी का? आणि एका डोसची की दोन डोसची?

द्या. वर्ष पूर्ण झालं की द्या.

‘यादीत नाही’ याच कारणाने मी मोठ्याची लस टाळली होती. शिवाय पेंटाव्हॅलंटमध्ये (बाळांना देतात त्या पाच रोगांवरच्या एकत्रित लशीत) हेपॅटायटिस झालंच आहे असं मी धरून चालले. ती बी ची. ए चा विषाणू वेगळा, लसही वेगळी. हे कळलं तेव्हा पोरगा चौथीत होता.

जूनमध्ये ताप, उलट्या, जेवणाचं नाव काढलं की तोंड फिरवायचा. शाळा नको म्हणून नाटक करतोय असं समजून मी त्याला दोन दिवस रागावले, ते अजून टोचतं. तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. गॅलरीत उजेडात नेऊन डोळे बघितले तर पिवळेजर्द. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, साडेआठ. आई (म्हणजे सासूबाई) म्हणाल्या, शाळेबाहेरचा गोळा. मला पाण्याच्या टाकीचा संशय होता. पण विषाणू अंगात शिरल्यावर कावीळ दिसायला दोन ते सात आठवडे जातात, तेव्हा कोणी काय खाल्लं होतं हे कोणाला आठवणार?

मग माळ आली. लालबागच्या आमच्या जुन्या चाळीतल्या कोणाकडून तरी आईंनी काविळीची माळ आणली. रोज लांबते, म्हणजे कावीळ उतरते म्हणे. अहो, ओल्या मुळ्यांचे तुकडे सुकले की दोरा सैल पडणारच! ही कावीळ बहुतेक मुलांत आपली आपणच बरी होते, औषध असं नाहीच. क्वचित एखाद्याचं यकृत निकामी होतं, आणि तेव्हा माळेत रमलेल्या घराचे मोलाचे दिवस जातात. आमचा तीन आठवड्यांनी उठला. श्रेय माळेला.

आईंचं दुसरं पालुपद, ‘आमच्या वेळी कुठे होत्या लसी?’ नव्हत्या, बरोबर. पण चाळीत सामाईक संडास, सामाईक नळ, तिथे हा विषाणू पोरांना दोन-तीन वर्षांचे असतानाच गाठायचा. त्या वयात बहुतेकांना कावीळ दिसतच नाही आणि संरक्षण मात्र जन्मभराचं. आता आपण फिल्टरचं पाणी पाजतो, म्हणून तो नवव्या वर्षी किंवा हॉस्टेलवर अठराव्या वर्षी भेटतो, आणि वय वाढेल तसा जास्त छळतो. (‘म्हणजे तुझ्या फिल्टरनेच केलं,’ इति आई.)

धाकटी तेव्हा तीन वर्षांची. विषाणूशी संबंध आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत लस दिली तर उपयोग होतो असं डॉक्टर म्हणाले, म्हणून त्याच दिवशी तिला टोचून आणलं. आईंनी तिच्याही गळ्यात माळ घातली. तिला कावीळ झाली नाही, आणि हा वाद गेली आठ वर्षं दर गणपतीत रंगतो.

डोसचं राहिलंच. निष्क्रिय (मारलेल्या विषाणूच्या) लसीचे दोन, मध्ये किमान सहा महिने. जिवंत (दुबळ्या केलेल्या विषाणूच्या) लसीचा एक, पण मुलाची प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा स्टिरॉइड चालू असतील तर ती देत नाहीत, ते आधीच सांगा. आणि टायफॉइड, हेपॅटायटिस ई यांना ही लस अडवत नाही, तेव्हा पावसाळ्यात पाणी उकळाच. गोळ्याबाबत आईंचं बरोबर असेलही, पण हे त्यांना सांगू नका.