डोळ्यांच्या नेहमीच्या तपासणीत काय करतात? बाहुली मोठी करायचे ड्रॉप टाळता येतात का?

टाळू नका. बाकी सगळं किरकोळ आहे: मशीनवर हनुवटी टेकवायची, भिंतीवरची अक्षरं वाचायची, डोळ्यावर हवेची फुंकर येते ती डोळ्याच्या आतलं प्रेशर मोजायला. कशानेच दुखत नाही.

ड्रॉपबद्दल मात्र मला बोलायचंय. आमचे बाबा वर्षानुवर्षं चष्म्याच्या दुकानातच नंबर काढून यायचे. काकांचं म्हणणं, "अक्षरं दिसतात ना? मग दवाखान्यात कशाला पैसे घालायचे?" बाबांना शेवटची ओळही वाचता यायची, अगदी 6/6. तरी जिना उतरताना ते चाचपडायला लागले, म्हणून मी हट्टाने नेत्रतज्ज्ञांकडे नेलं. प्रेशर 18 आलं. साधारण 10 ते 21 नॉर्मल धरतात, म्हणजे तिथेही काही सापडलं नसतं. ड्रॉप घालून बाहुली मोठी झाल्यावर डॉक्टरांनी डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस नीट पाहिली आणि लगेच फील्ड टेस्ट सांगितली. त्यात समोरच्या एकाच बिंदूकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याच्या खालच्या भागात बाबांनी बटण जवळजवळ दाबलंच नाही. काचबिंदू, म्हणजे ती नस हळूहळू खराब होत जाणं. प्रेशर नॉर्मल असूनही तो होतो, दुखत नाही, आणि मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहू शकते, म्हणून अक्षरं वाचता येतात. गेलेली नजर परत येत नाही. आता रोजच्या औषधाने उरलेली सांभाळतोय.

काका अजून म्हणतात की डॉक्टरांनी घाबरवलं. सख्ख्या भावाला काचबिंदू असेल तर स्वतःचा धोका कितीतरी वाढतो, आणि हा माणूस अजून दुकानातच जातो! नंबर काढणं म्हणजे डोळे तपासणं नव्हे, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. तुमच्या घरात कुणाला काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा पडदा तपासून घ्याच.

ड्रॉप घातल्यावर 4 ते 6 तास जवळचं धूसर दिसतं, उन्हाचा त्रास होतो. गाडी चालवत जाऊ नका, गॉगल न्या, सोबत कुणीतरी असू द्या. काहींच्या डोळ्यातला कोन, म्हणजे आतलं पाणी बाहेर जायची वाट, अरुंद असतो, त्यांना या ड्रॉपने प्रेशर वाढायचा धोका असतो. तो कोन डॉक्टर आधी बघतात. त्यांनी नको म्हटलं तर माझं ऐकू नका. पण काकांचंही नको.