अम्मानला अरबी शिकायला जाण्याआधी

अभिनंदन रे, जॉर्डनच्या राजधानीत अरबी शिकायला चाललास! पहिलं काम म्हणजे अरबी लिपी इथूनच पक्की करून जा. २८ अक्षरं आहेत, अवघड नाही, फक्त अलिफ, दाल, धाल, रा, झाय, वाव ही ६ पुढच्या अक्षराला जोडत नाहीत, ते हाताला बसेपर्यंत रोज गिरव, नाहीतर तिथे अक्षरं शिकण्यातच फी पाण्यात जाते. आणि मोठे शब्दकोश शब्दाच्या धातूनुसार, म्हणजे मूळ व्यंजनांनुसार लावलेले असतात, म्हणजे मक्तब (ऑफिस) हा शब्द म मध्ये नाही, क-त-ब खाली सापडणार, ही सवय आत्ताच लाव.

दुसरं, वर्गात फुसहा म्हणजे प्रमाण अरबी शिकवतील पण टॅक्सीवाला, भाजीवाला सगळे अम्मिया म्हणजे रोजची बोलीभाषा बोलणार, त्यामुळे शामी बोलीचे, म्हणजे जॉर्डन-सीरिया भागातल्या बोलीचे वेगळे तास आहेत का ते फी भरायच्या आधी विचार, माझ्या मते त्याशिवाय जाऊच नये. कान पण तयार ठेव, क़ाफ या अक्षराचा उच्चार अम्मानमध्ये कोणी ग करतं तर कोणी गिळूनच टाकतं, गहवे पण ऐकशील आणि अहवे पण, दोन्ही कॉफीच.

खोली घेताना गच्चीवरची पाण्याची टाकी केवढी आहे ते नक्की बघ, नळाला पाणी साधारण आठवड्यातून एकदाच येतं आणि तेच पुरवायचं असतं. रात्री उन्हाळ्यातही गार वारा सुटतो, एखादं जॅकेट टाक बॅगेत. सुट्टी शुक्रवार-शनिवार. व्हेज असशील तर फूल (हे शिजवलेल्या बाकला शेंगांच्या दाण्यांचं), फलाफल (तळलेले वडे), हुम्मुस (काबुली चण्याची चटणी) यांवर मस्त निभतं.

आणि प्लीज, रूममेट हिंदी-इंग्रजी बोलणारा शोधू नकोस, सोयीचं वाटतं पण संध्याकाळचं सगळं अरबी बोलणं तिथेच बुडतं.