‘परीक्षा झाल्यावर बघू’

प्रश्न : माझा धाकटा भाऊ सहा वर्षांपासून पुण्यात राज्यसेवा परीक्षेची तयारी करतो आहे. एकदा तो मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचला, त्यानंतर दोन वेळा पूर्वपरीक्षेतच अडला. यंदा दिवाळीलाही तो गावी आला नाही. मी भेटायला गेले तेव्हा त्याचे वजन बरेच उतरलेले दिसले. तो रात्रभर जागतो आणि दुपारपर्यंत खोलीवर पडून असतो, असे त्याच्या मित्राकडून कळले. फोनवर एकदा म्हणाला, ‘मी नसतो तर तुमचा खर्च तरी वाचला असता.’ डॉक्टरकडे नेले तर डोक्यावर परिणाम झाल्याचा बोभाटा होईल, नोकरीत अडचण येईल आणि सोयरीक जमणार नाही, म्हणून परीक्षा झाल्यावर बघू, असे वडील म्हणतात. आम्ही काय करावे?
– एक वाचक भगिनी, बीड जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रातल्या बाकीच्या गोष्टी थोड्या थांबू शकतात, फोनवरचे ते एक वाक्य मात्र थांबू शकत नाही. वैतागाचे बोलणे समजून ते सोडून देऊ नका. त्याला प्रत्यक्ष भेटा आणि जीव द्यावा असे विचार मनात येतात का, हे आडवळण न घेता सरळ शब्दांत विचारा. असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. हे कोणापाशी तरी बोलता येते, याचा अशा माणसाला बहुतेक वेळा दिलासाच वाटतो. त्याने होकार दिला किंवा उत्तर टाळले, तर त्याला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी ससून रुग्णालयात किंवा जवळच्या मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. त्याच्याशी कसे बोलावे हे विचारण्यासाठी तुम्ही स्वतःही तेथे फोन करू शकता.

आता आजाराविषयी. झोपेचे चक्र उलटणे, वजन घटणे, स्वतःला ओझे समजणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात, आणि ती दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर तपासणी हवीच. अडचण अशी, की अभ्यासिकांच्या जगात याच गोष्टी गुण म्हणून खपून जातात. रात्र जागवणारा मुलगा मेहनती ठरतो, सण चुकवणारा त्यागी आणि कोणाशी न बोलणारा एकाग्र. त्यामुळे खोलीतल्या मित्रांनाच काय, त्या मुलालाही आपण आजारी आहोत हे उमगत नाही. त्यात या परीक्षांची अनिश्चितता भर घालते. १४ मार्च २०२१ ची पूर्वपरीक्षा अवघे तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली, तेव्हा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. पुढे मुख्य परीक्षेचे स्वरूप बदलण्यावरूनही २०२३ मध्ये आंदोलन झाले. खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत वयाची मुभा असल्याने ‘आता पुरे’ असे बाहेरून कोणी म्हणत नाही आणि आतून म्हणायची लाज वाटते. घरून येणारा प्रत्येक पैसा मग कर्जासारखा वाटू लागतो, आणि त्याचे फोनवरचे वाक्य मला तरी तिथूनच आलेले दिसते.

वडिलांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्य, चिंताविकार यांसारख्या आजारांच्या शंभरांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळाले नसल्याचे आढळले होते, आणि त्यामागे तज्ज्ञांच्या तुटवड्याबरोबर हा बोभाट्याचा धाकही आहे. परंतु २९ मे २०१८ पासून अमलात असलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन उपचार करणाऱ्यांवर घातले आहे. पूर्वी उपचार घेतले, केवळ एवढ्यावरून कोणाला आज वा उद्या मनोरुग्ण ठरवता येत नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. सोयरिकीच्या बाबतीत कायदा हतबल आहे, हे मान्य. पण सहा महिन्यांत बरा होणारा आजार सहा वर्षे अंगावर काढलेला मुलगा तरी कोणत्या स्थळाला दाखवणार?

वडिलांना आणखी एक हिशोब सांगा. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत आणि पुन्हा नवी जाहिरात या फेऱ्यात ‘परीक्षा झाल्यावर’ नावाचा दिवस उगवतच नाही. शिवाय नैराश्यात स्मरण आणि एकाग्रता दोन्ही मंदावतात, म्हणजे उपचार लांबवून परीक्षेचेही नुकसानच होते. त्याला सामानासकट गावी आणण्याची घाई मात्र करू नका, कारण त्याला तो पराभवाचा निकाल वाटेल. काही दिवस घरी राहावे असे त्यालाच वाटले, तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अल्प खर्चात उपचार सुरू करता येतील.

प्रश्न : नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागते का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : झोपेच्या काही गोळ्यांची लागते, म्हणून त्या थोड्या दिवसांसाठीच देतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. मात्र त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटताच त्या एकदम थांबवल्या तर चक्कर, बेचैनी असा त्रास होऊ शकतो. बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने त्या चालू ठेवतात आणि नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात.