व्हायव्हात गप्प बसलेल्या मुलीला

तासगावहून पत्र लिहिणाऱ्या मुली,

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि आता एमबीबीएसचं पहिलं वर्ष. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सरांनी 'अल्कॉक्स कॅनॉल' विचारला, तुझ्या वहीत 'प्युडेंडल कॅनॉल' होता. दोन्ही एकच, गुप्तांगाकडे जाणाऱ्या नसेची वाट, हे तुला हॉस्टेलवर आल्यावर कळलं. खाली तू लिहितेस, "नाव कळलं असतं तरी सरांसमोर त्या भागाचं बोलता आलं नसतं. सोडून फार्मसीला जाऊ का?"

फार्मसी चांगलीच आहे, पण या कारणासाठी नको.

तुमच्याकडे ताकारी सिंचन योजनेचं पाणी येतं. योजनेला गावाचं नाव, त्यामुळे निदान ठिकाण तरी कळतं. अल्कॉक म्हटल्यावर काहीच कळत नाही, कारण ते माणसाचं नाव. बेंजामिन अल्कॉक या आयरिश शरीररचनातज्ज्ञाने १८३६ साली या वाटेचं वर्णन केलं. पुढे कॉर्कच्या कॉलेजात प्राध्यापकी, तिथे वाद, राजीनामा. मग बिचारा अमेरिकेला गेला, तो गेलाच; पुढे त्याचा पत्ता नाही.

'प्युडेंडल'चं मूळ तर लॅटिनमधल्या 'लाज वाटणे' या क्रियापदात आहे. म्हणजे तुला लाज वाटायच्या कितीतरी आधी नाव ठेवणाऱ्यांनीच ती त्या नसेला चिकटवली! मला हे नाव मुळीच आवडत नाही. पाठ मात्र करावं लागेल.

आता खुर्चीवर बस आणि हात खाली घालून बघ. टोचतं ते हाड म्हणजे इस्चियल ट्युबरॉसिटी. त्याच्या वर, आतल्या अंगाला ऑब्ट्युरेटर इंटर्नस स्नायू, आणि त्यावरच्या फॅशियाच्या, म्हणजे पातळ आवरणाच्या, दोन पदरांतून ही वाट जाते. परकराच्या नेफ्यातून नाडी जावी तशी. नाडीच्या जागी प्युडेंडल नर्व्ह (मज्जारज्जूच्या एस२, एस३, एस४ या मुळांतून निघालेली) आणि सोबत इंटर्नल प्युडेंडल धमनी-शीर. तासन्‌तास सायकल चालवणाऱ्यांना खाली बधिरपणा येतो, तो बहुतेकदा हीच नस दाबली गेल्याने. उद्या बाळंतिणीला टाके घालण्याआधी इस्चियल स्पाइन (त्याच हाडाचा वरचा काटा) बोटाने चाचपून तू याच नसेजवळ भुलीचं इंजेक्शन देशील. तेव्हा त्या बाईला काय करतेय ते तुलाच सांगावं लागेल, आणि तेही मराठीत.

म्हणून आज रात्री रूममेटला समोर बसवून हे सगळं आधी मराठीत मोठ्याने सांग, मग इंग्रजीत. पहिल्यांदा दोघी हसाल, हसा. वहीत दोन्ही नावं एकाच ओळीत लिही. जुने सर अल्कॉकच विचारणार.

फार्मसीचं घरी अजून बोलली नसशील, तर इतक्यात बोलू नकोस.